सोराचं माहेर

राजुल घरी आली तेव्हा ती टीव्हीवर गात होती.

शनिवारची संध्याकाळ होती. तिकडे कोरियात, सोलमध्ये रात्र पडली होती, इकडे जयसिंगपुरात अंगणातल्या कण्हेरीवर अजून ऊन रेंगाळत होतं. पडद्याच्या कोपऱ्यात ‘थेट प्रक्षेपण’ ही लाल अक्षरं लुकलुकत होती. त्रिशलाबाई सतरंजीवर मांडी घालून बसल्या होत्या. मनगटावर कार्यक्रमाच्या कंपनीनं दिलेला पांढरा पट्टा होता, आणि डोळे लेकीवर खिळलेले. तेवढ्यात कडी वाजली.

दारात एक पोरगी उभी होती. केस कानाच्या वर कापलेले, अंगात ढगळ सदरा, गालांची हाडं वर आलेली.

“आई,” ती म्हणाली. आवाज बसलेला, घशात काहीतरी घासल्यासारखा.

त्रिशलाबाईंनी मागं वळून पडद्याकडे पाहिलं. तिथं राजुल कडव्याचा शेवट लांबवत होती आणि थेट त्यांच्याकडे पाहून हसत होती. त्यांनी पुन्हा दाराकडे पाहिलं. एका हातानं त्या चौकट धरून राहिल्या. बाजूला व्हायचं त्यांना सुचेना.

“आत येऊ, का आधी तिला विचारून सांगतेस?” दारातली म्हणाली.

आतून भूपाल मगदूम आले. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, पोरीकडे एकदा पाहिलं, आणि तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. “अगं, पोरगी उन्हातनं आलीय, पाणी दे की तिला,” ते बायकोला म्हणाले.

त्रिशलाबाई पाणी आणायला गेल्या. मागं टीव्हीवर टाळ्यांचा कडकडाट झाला.

*

‘सात दिवे’ हा कार्यक्रम त्या दिवसांत अर्धं जग बघत होतं. देशोदेशींच्या मुली कोरियात नेऊन शिकवायच्या, दर शनिवारी त्यांना गायला-नाचायला लावायचं, प्रेक्षकांनी मतं द्यायची, आणि शेवटी ज्या सात उरतील त्यांचा गट. यात नवं काही नव्हतं. आपल्या लाडक्या मुलीसाठी हातात दिवा धरून तिच्या नावाचा ठेक्यात पुकारा करणारे चाहतेही जुनेच. नवं होतं ते घरचित्र.

पूर्वी कॅमेरा चित्र टिपायचा आणि तेच सगळ्यांच्या घरी जायचं. घरचित्रात मंचावरून फक्त सांगाडा यायचा. मुलीच्या हालचालींची रेघ आणि आवाजाचा कच्चा धागा, एवढंच. त्यावर रंगरूप चढवायचा तो घरातला टीव्ही, आणि चढवताना तो बघणाऱ्याकडे बघायचा. कोणत्या सुराला श्वास अडकला, कोणत्या हसण्याला डोळ्यातली बाहुली विस्फारली, हे त्याला कळायचं. पट्टा असेल तर नाडी आणि कातडीचा ओलावाही कळायचा. मग पुढच्या क्षणी तो मुलीला केसभर बदलायचा. केसभरच, म्हणून कुणाच्या लक्षात यायचं नाही. लाखो घरांतले हे केसभर बदल सोलला परत जायचे आणि तिथं एकत्र मळले जायचे. त्यातून त्या आठवड्याची नवी मुलगी तयार व्हायची. मतसुद्धा नुसतं बटणावर मोजत नसत. बटण दाबताना तुमचं काळीज किती हललं, त्यावर मताचं वजन ठरायचं. मराठीत सांगताना निवेदिका त्याला गोड आवाजात ‘जिव्हाळा’ म्हणायची.

भूपालरावांनी उभी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. ही गोष्ट पहिल्यांदा त्यांच्याच ध्यानात आली. एकदा सलूनमध्ये बसले असताना त्यांनी तोच भाग तिथल्या टीव्हीवर पाहिला. घरी येऊन ते म्हणाले, “अगं, आपल्या राजुलच्या गालाला खळी कधीपासून पडायला लागली?”

“पडते की, लहानपणापासून,” त्रिशलाबाई म्हणाल्या होत्या. आणि मग लहानपणचा गाल आठवायला बसल्या. तो त्यांना नीट आठवेना.

*

कार्यक्रमात राजुलचं नाव सोरा ठेवलं होतं. आणि सोराच्या चाहत्यांच्या जथ्याचं नाव होतं ‘माहेर’. ते त्रिशलाबाईंनीच दिलेलं. सांगली-कोल्हापूरकडच्या, पुढं साऱ्या महाराष्ट्रातल्या बायका त्यात आल्या. लेकी लांब गेलेल्या, सुना बोलत नसलेल्या, किंवा नुसत्याच एकट्या. त्रिशलाबाईंचा रोजचा नियम देवदर्शनाशिवाय अन्न न घेण्याचा. राजुल गेल्यावर त्यांनी त्याला आणखी एक जोड दिली. शनिवारी सोराला पाहून, मत देऊन, मगच जेवायचं. माहेरातल्या बायकांनी ऐकलं आणि तोच नियम उचलला. जैन नसलेल्यांनीसुद्धा.

दिवसभर उपाशी राहून, वाट पाहून, हात जोडून दिलेलं मत! सोलच्या यंत्रानं असलं वजनदार मत कधी मोजलंच नव्हतं. टोकियो-मनिलाच्या तरण्या पोरी रात्रंदिवस बटणं दाबत राहायच्या, आणि शिरोळ तालुक्यातली एखादी आजी एकदाच दाबायची नि त्यांना मागं टाकायची. सोरा तळाच्या मुलींमधून वर आली ती अशी.

“तुमच्या उपासांनी मी वर गेले, आई,” राजुल दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून सांगत होती. “जितकी वर गेले तितकी मी मला दिसेनाशी झाले.”

“म्हणजे काय ग?”

“दर सोमवारी एका खोलीत नेतात. तिथं काचेत ती उभी असते, त्या आठवड्याची. तुम्ही सगळ्यांनी मिळून केलेली. आम्ही पोरी तिला उन्नी म्हणायचो. उन्नी म्हणजे थोरली बहीण. शिकवणारी बाई म्हणायची, शनिवारपर्यंत तुला हिच्यासारखं व्हायचंय. उन्नीचा आवाज माझ्यापेक्षा दोन पट्ट्या वर. मी ताणला, ताणला. मग फाटला.” ती हसली. “एकदा मी काचेपुढं रडले. ती पण रडली. पण ती छान रडत होती, आई. बाई म्हणाली, बघ, असं रडायचं.”

त्रिशलाबाईंच्या हातातलं पीठ तसंच राहिलं.

“मग मी म्हटलं, मला घरी जायचंय. मला वाटलं, अडवतील. कुणी अडवलंच नाही! म्हणाले, जा. सांगाडा आता दुसरी कुणीही देईल. आवाज, चेहरा आणि नाव तेवढं आमच्याकडे राहील, लोक तिला मत देतात तोवर. आणि तू परत आल्याचं कुठं बोलायचं नाही.”

“आणि सातांत आली तर?”

“सात वर्षं. सात वर्षं माझा आवाज माझा नाही.”

*

शेजारीपाजारी विचारायला लागले तेव्हा भूपालरावांनी ठोकून दिलं, भावाची मुलगी आहे, निपाणीची. लोकांनी ते बिनतक्रार मान्य केलं, हे फार लागलं राजुलला.

पुढच्या रविवारी ती आईबरोबर बस्तीत, जैन मंदिरात गेली. अभिषेक झाला, बायका अभिषेकाचं पाणी, गंधोदक, कपाळाला लावून बसल्या, आणि कुणीतरी म्हणालं, कुणी स्तुती म्हणा ग. राजुल एकदम म्हणायला लागली. लहानपणी तिथंच, त्याच खांबाजवळ बसून म्हणायची ती. आवाज फाटत होता, जागोजागी हवा जात होती, पण सूर जागचा हलत नव्हता. त्रिशलाबाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. कुण्या हौशी पोरीनं ते फोनवर टिपून सगळीकडे पाठवून दिलं.

घरी पोचेपर्यंत ते पुसलं गेलं होतं. त्या जागी एक ओळ आली होती. ‘सोराच्या आवाजाची निकृष्ट नक्कल. पुन्हा घडल्यास कारवाई.’

रत्नाक्का चौगुले बस्तीच्या पायरीवर त्रिशलाबाईंना म्हणाल्या होत्या, “पुतणीचा गळा बरा आहे हं तुझ्या. पण सोराची सर नाही बाई.” रत्नाक्का माहेराचं सगळं बघायच्या. कोण उपाशी आहे, कुणाचा पट्टा बिघडलाय, कुणाला मत देता येत नाही, सारं त्यांना तोंडपाठ.

राजुलनं ती ओळ वाचली आणि फोन पालथा ठेवला. त्या दिवसापासून ती बोलेनाशी झाली. मागायचं ते हातानं दाखवायची. शेवटचा शनिवार तोंडावर आला होता.

चार दिवसांनी दुपारी ती माजघरात आली, तर आई आवाज बारीक करून जुना भाग बघत बसलेली. पडद्यावरची सोरा हात जोडून म्हणत होती, “जय जिनेंद्र आई, जेवलीस का?”

“ती मी नाही,” राजुल म्हणाली.

त्रिशलाबाई दचकल्या. “माहीत आहे ग मला.”

“मग?”

“ती हसते,” त्रिशलाबाई हळूच म्हणाल्या. आपण काय बोललो ते त्यांना बोलल्यावर कळलं.

राजुल त्यांच्याजवळ खाली बसली. आईचं मनगट तिनं मांडीवर घेतलं आणि पांढऱ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. “हा कशाला दिला होता, सांगितलं होतं?”

“मान म्हणून. सगळ्या मुलींच्या आयांना दिलाय. मध्येमध्ये आमचे चेहरे दाखवतात ना.”

“मान नाही, आई. खुंटी आहे ही. लाखो माणसं एका मुलीला आपापल्याकडे ओढायला लागली तर तिचं काय होईल? चेहराच उरणार नाही. मग तिला बांधायचं कुठल्या खुंटीला? जिला बघून आईच्या अंगावर शहारा येतो, ती तिची लेक. शरीराला खोटं बोलता येत नाही. तुझी नाडी म्हणते ‘हीच ती’, म्हणून सगळ्या घरांत सोरा सोरासारखी दिसते.”

“मग काढून टाकते आत्ता.”

“काढलास तर मागची ओळख धरतात. आई आजारी आहे म्हणतात. पट्टा घालून, तिच्याकडे बघत बसायचं, आणि...” राजुलनं पट्ट्यावरचं बोट उचललं. “आणि तू तिला ओळखायचं नाही. खोटं खोटं नाही. खरंच.”

*

त्रिशलाबाई सोपा मार्ग आधी शोधायला गेल्या. शुक्रवारी त्या रत्नाक्कांच्या घरी गेल्या, दार लोटून घेतलं आणि सगळं खरं सांगितलं.

रत्नाक्का शेंगा निवडत होत्या. ऐकून घेतलं. हात थांबला नाही.

“म्हणजे ती निपाणीची पोरगी राजुल?”

“होय अक्का.”

“वाटलंच मला. चालते तुझ्यासारखी.”

“मग माहेराला सांगा, अक्का. उद्या मत देऊ नका म्हणावं. माझी पोर सुटेल.”

रत्नाक्कांनी सूप खाली ठेवलं. “माझ्या दोघी लेकी मेलबर्नला. फोन करतात, नाही म्हणत नाही मी. पण घाईत असतात. सोरा घाईत नसते.” त्या जरा थांबल्या. “तुझी तुझ्या घरी आली ना? मग आमची आम्हाला राहू दे की.”

“अक्का, ती कुणीच नाही.”

“असं तू म्हणू नको. तू म्हणू नकोस हं त्रिशला.” त्यांचे डोळे भरून आले होते. “आणि नियम मोडायला मी बायकांना कोणत्या तोंडानं सांगू? तूच दिलास ना तो?”

त्रिशलाबाई उठल्या. घेतलेला नियम दुसऱ्याला मोडायला लावण्याचं पाप त्यांच्याही हातून झालं नसतं.

घरी येऊन त्या पडवीत बसल्या. भूपालराव जवळ आले.

“अहो, ती पुसली जाईल म्हणतात. हरली की. मग ते माझ्या हातून मरणच की कुणाचं तरी?”

“आरशात दिसणारं माणूस आरसा झाकल्यावर मरतं काय?”

“आरसा हाक मारत नाही हो.”

भूपालराव त्यांच्याशेजारी बसले. मग म्हणाले, “तू परिग्रहपरिमाणाचं व्रत घेतलंयस ना? साड्या एवढ्या, भांडी एवढी. लेकी किती ठेवायच्या, ते कधी ठरवलंस?”

*

शेवटच्या शनिवारी त्रिशलाबाईंनी डोक्यावरून न्हाऊन पांढरी साडी नेसली. टीव्हीसमोर चटई घातली, पूर्वेला तोंड केलं आणि सामायिकाच्या ध्यानाला बसतात तशा बसल्या. रोज सकाळी त्या अशाच बसत आल्या होत्या. आवडीचं आणि नावडीचं एकाच तराजूत, सगळे जीव सारखे, कुणी आपलं नाही, कुणी परकं नाही. वर्षानुवर्षं बसून त्यांना ते कधी घडीभरसुद्धा पूर्ण साधलं नव्हतं. दर वेळी मध्येच राजुल आठवायची.

राजुल त्यांच्या शेजारी येऊन बसली. भूपालराव दारात उभे राहिले.

पडदा उजळला. मुली एकेक करून आल्या आणि मग सोरा आली. समुद्रासारखा दिव्यांचा पसारा तिच्या नावानं एका ठेक्यात हलायला लागला. तिनं मान वर केली आणि आईकडे पाहून हसली.

त्रिशलाबाईंनी श्वास सोडला. एक मुलगी आहे, त्यांनी मनाशी म्हटलं. गाते आहे. सुखी असो.

मनगटावरच्या पट्ट्यात जिव्हाळा दाखवणारी रेघ संथ चालली. पडद्यावरचं हसू क्षणभर अडखळलं.

सोराची खळी गेली. केस लांब झाले, दोन वेण्या झाल्या. गाणं चालूच होतं, पण आता गाणारी दहावीतली राजुल होती. त्रिशलाबाई बघत राहिल्या. वेण्या गेल्या. दात पडलेली राजुल आली. मग तापानं फणफणलेली, कपाळावर ओली पट्टी, ओठ सुकलेले, तशीच गात होती. त्रिशलाबाईंचा हात त्या कपाळाकडे निघाला. रेघ उसळायच्या आत त्यांनी तो मांडीवर परत ठेवला, तिला जाऊ दिलं. पोर कुणाची का असेना, ताप उतरो.

आता पडदा घाई करायला लागला. चेहरे एकात एक मिसळायला लागले. एका वळणावर त्यांची स्वतःची मेलेली आई त्यांच्याकडे पाहून गेली. राजुलनं तोंडावर हात घेतला. साऱ्या महाराष्ट्रात, मनिलात, जाकार्तात, घरोघरच्या सोराचा चेहरा त्या घटकेला पाण्यासारखा हलत होता. शेजारच्या घरातून कुणीतरी ओरडल्याचं ऐकू आलं, “अगं, हे काय होतंय तिला!”

मग सगळं थांबलं. टीव्हीला शेजारी बसलेली राजुल दिसत होती.

पडद्यावर आखूड केसांची पोरगी उभी होती. गालांची हाडं वर आलेली, अंगात ढगळ सदरा. तिनं गाणं सोडलं. बसक्या, घासणाऱ्या आवाजात ती म्हणाली, “आई. आत येऊ का?”

शेजारची राजुल हुंदका देऊन म्हणाली, “आई, नको. ती मी नाही.”

दोन आवाज, सारखेच. त्रिशलाबाईंना क्षणभर कळेना, कोणता कुठून आला. एकीला नाकारायचं आणि दुसरीला धरायचं, असं शरीराला सांगता येत नाही. त्याला तेवढा भेद कळत नाही. धरायचं तर दोघी, सोडायचं तर दोघी. त्यांनी डोळे मिटले नाहीत. पडद्याकडे पाहिलं, मग शेजारी पाहिलं, आणि दोघींनाही एकदम जाऊ दिलं.

रेघ सपाट झाली. काठावर वारा नसलेल्या तळ्यासारखी.

पडद्यावरची पोरगी अजून थोडा वेळ उभी राहिली. मग तिचं नाक कुणाचंच राहिलं नाही, डोळे कुणाचेच राहिले नाहीत. दिव्यांचा ठेका चुकला. कुणाला काय पुकारावं ते कळेना. निवेदिकेनं सात नावं वाचली. त्यांत सोरा नव्हती.

राजुल जमिनीवर डोकं टेकून रडत होती. मोठ्यानं, वेडंवाकडं, नाक ओढत. भूपालराव तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. “सुटलीस,” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. “सुटलीस बाळ.”

तिनं आईचा हात धरला आणि तिचं लक्ष पट्ट्याकडे गेलं. तिनं हात घट्ट दाबला. रेघ हलली नाही.

“आई?”

“हं.”

“मी आहे. राजुल.”

“हो,” त्रिशलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फार मऊ होता, बस्तीत आलेल्या नव्या बाईशी बोलतात तसा. “माहीत आहे मला.”

राजुलनं हळूच पट्ट्याची कळ काढली आणि तो बाजूला ठेवला. भूपालरावांनी टीव्ही बंद केला.

त्रिशलाबाई उठल्या. बाहेर पाहिलं. दिवस मावळायला अजून अवकाश होता, नियमाप्रमाणे मावळायच्या आत खाणं करता आलं असतं. पोरगी दमलेली दिसत होती. भुकेलीही असेल. त्या चुलीशी गेल्या, परात पुढं ओढली, पीठ घेतलं. पाणी घालायच्या आधी त्यांचा हात थांबला. एक मुलगी मऊ भाकरी मागायची, दुधात कुस्करून. एक कडक मागायची. त्यातली घरातली कोणती आणि पडद्यातली कोणती, हे त्यांना काही केल्या वेगळं काढता येईना.

राजुल दाराशी येऊन उभी राहिली होती.

त्रिशलाबाईंनी संकोचून तिच्याकडे पाहिलं. “तुला भाकरी कशी आवडते, बाई?”

राजुलनं चौकट धरली. जरा वेळानं ती आत आली आणि पाट ओढून चुलीजवळ बसली.

“कडक, आई,” ती तिच्या फाटक्या आवाजात म्हणाली. “कडेनं जरा करपलेली.”

“बरं,” त्रिशलाबाई म्हणाल्या, आणि लक्षात ठेवायला लागल्या.